हौसेची बस

गेल्या ज्येष्ठात, पाऊस आज येतो की उद्या अशी वाट पाहण्याच्या दिवसांत, आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या घरी आला आणि त्याने आम्हांस असा एक प्रश्न विचारला, की जो इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्ही कोणत्याही प्रश्नपत्रिकेत घातला नव्हता. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीलगत एका पडीक जागेत, चिंचेच्या झाडाखाली, एक जुनी बस कित्येक वर्षे उभी आहे. एके काळी ती एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करीत असे. कारखाना बंद पडला, कामगार पांगले, बस तेवढी राहिली. तिचा मालक ती भंगाराच्या भावाने देण्यास तयार आहे. आमच्या या विद्यार्थ्यास ती विकत घ्यावयाची आहे. बदलापूरच्या पलीकडे त्याच्या मामांची थोडी जागा आहे तेथे नेऊन ठेवावयाची आहे. रविवारी व सणावारी तिची डागडुजी करावयाची आहे. आणि ती चालू झालीच तर चालवावयाची आहे. जड वाहनाचा परवानाही त्याने यापूर्वीच काढून ठेवला आहे. 'कशासाठी?' असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'कशासाठीच नाही, सर. हौस म्हणून.'

येथवर प्रश्न काहीच नव्हता. तरुणाने पगाराचे पैसे कशावर खर्चावेत हे त्याच्या जुन्या प्राध्यापकाने सांगण्याचे दिवस गेले, आणि ते गेले यात आम्हांस खेदही नाही. परंतु या मुलाचे वडील एस.टी.मध्ये चालक होते. तीस वर्षे त्यांनी गाडी चालविली. त्यांतील बरीचशी कल्याणहून माळशेजच्या घाटाने नगरकडे. निवृत्त झाले तेव्हा पाठीचा कणा आणि एक कान असे दोन अवयव त्यांनी नोकरीस अर्पण केलेले होते. मुलाचा बेत ऐकून ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, 'आम्ही पोटासाठी स्टेअरिंग धरलं. तू त्याचा खेळ करणार?' आणि उठून आत गेले. 'सर,' मुलगा आम्हांस म्हणाला, 'बाबांचं चुकतंय काय ते मला दाखवता येत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे असंही मनाला पटत नाही.'

आम्हांसही त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पैशाचा आक्षेप निकालात काढू. कारण तो सर्वांत आधी सुचतो आणि सर्वांत लवकर संपतो. एवढ्या पैशात दुसरे काय झाले नसते, असा हिशेब ज्या कसोटीने मांडता येतो, त्या कसोटीस आपल्या आयुष्यातील फारच थोड्या गोष्टी उतरतील. प्रस्तुत मासिकाची वर्गणीही उतरणार नाही. मात्र या आक्षेपाच्या पोटात दुसरा एक आहे, तो इतका हलका नाही. सकाळी बदलापूरच्या स्थानकावर जो उभा राहिला आहे, मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत एक पाय तरी ठेवता यावा म्हणून ज्याने धडपड केली आहे, त्यास चाळीस माणसांचे एक वाहन एका माणसाच्या करमणुकीसाठी रिकामे फिरावे हे दृश्य खुपल्यावाचून राहणार नाही. मोटारगाडी एकट्याची असते. बस ही जन्मतःच अनेकांची. अनेकांची वस्तू एकट्याने हौसेसाठी बाळगणे म्हणजे गावची विहीर विकत घेऊन तीत आपले प्रतिबिंब पाहत बसण्यासारखे नव्हे काय? या आक्षेपाकडे आम्ही शेवटी येऊ. तो वडिलांच्या आक्षेपापासून निराळा दिसतो खरा, पण आमच्या मते ते दोन्ही एकच आहेत.

'हौस' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ 'हवस' म्हणजे लालसा. मराठीने तिच्यातील विष काढून घेतले आणि लग्नकार्यात, सणासुदीत मिरविता येईल असा एक निष्पाप शब्द करून ठेवला. इंग्रजीतील 'हॉबी'चा इतिहास याहूनही गमतीचा आहे. हॉबी म्हणजे मूळचे लहान चणीचे घोडे; त्यावरून मुलांच्या खेळातला लाकडी घोडा; आणि त्यावरून, ज्यावर बसून माणूस कोठेही पोचत नाही पण आनंदाने डोलत राहतो असा कोणताही उद्योग. बदलापूरच्या नावाविषयी असे सांगतात की शिवकालात येथे घोडे बदलले जात, म्हणून हे बदलापूर. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, या घोड्यांत आणि त्या घोड्यात जे अंतर आहे तेच आमच्या चालकमहाशयांच्या मनात होते. ठाण्यावर बदललेला घोडा दमलेला असतो, कारण त्यास पोचावयाचे असते. लाकडी घोडा कधी दमत नाही.

वडिलांचे म्हणणे थोडे विस्ताराने मांडू, कारण ज्यांचे म्हणणे एका वाक्यात संपते त्यांच्यावर सुशिक्षितांकडून नेहमी अन्याय होतो. ते म्हणतात: जे काम मी गरजेपोटी केले, त्याची गरज काढून घेऊन उरलेल्या भागाचा तू आनंद घेणार. मला पहाटे चारला गाडी काढावी लागे. तू उन्हे वर आल्यावर काढशील. माझ्यामागे पन्नास जीव असत. तुझ्यामागे रिकामी बाके. मला घाटात थांबता येत नसे. तुला कंटाळा आला की तू थांबशील. म्हणजे चाकामागची खुर्ची तीच, पण तिच्यात बसलेला माणूस निराळा; आणि जर तुला तेथे आनंद वाटला, तर मला तेथे जे वाटले ते खोटे होते काय?

या शेवटच्या प्रश्नास उत्तर देणे सोपे नाही. एस.टी.च्या इतिहासाकडे पाहिले तर वडिलांची बाजू अधिकच बळकट होते. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पुण्यास राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. लाकडी बांधणीची बेडफर्ड गाडी. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावे आज महाराष्ट्रास ठाऊक आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यानंतर जे लाखो फेऱ्या करून गेले त्यांची नावे कोणी ठेवली नाहीत. आपण 'लालपरी' हे लाडके नाव ठेवले ते गाडीस. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एस.टी.चे कर्मचारी संपावर गेले आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत गाड्या कमीअधिक प्रमाणात आगारांतच राहिल्या. त्या दिवसांत आमच्या परिचयातील अनेक सज्जन, ज्यांचा लालपरीवरील जिव्हाळा सर्वश्रुत होता, ते गावी जाण्याची गैरसोय झाली म्हणून चालकांवर रुष्ट झाले. गाडीवर प्रेम करणे आणि गाडी चालविणाऱ्याचा पगार किती हे न विचारणे, या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात. आम्ही स्वतःस यातून वगळीत नाही. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या दुमजली बसची अखेरची फेरी अंधेरीस झाली. १९३७ पासून चालत आलेल्या परंपरेतील ती शेवटची गाडी. हारांनी सजविलेली, भोवती गर्दी. वर्तमानपत्रातील छायाचित्र आम्ही कापून ठेवले. बसचा मार्ग ४१५ होता हे आमच्या ध्यानात आहे. ती कोणी चालविली हे नाही.

म्हणून वडिलांचा आक्षेप खरा आहे. पण तो किती दूरवर खरा आहे? श्रमाची आठवण पवित्र मानून श्रमाच्या साधनास कोणी हात लावू नये, असे म्हटले तर त्या साधनाचे काय होते ते पाहावे लागेल. आणि आपल्याकडे जे होते ते असे, की ते वितळविले जाते. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या केंद्राच्या नियमानुसार शासकीय वाहने, आणि त्यांत राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्याही आल्या, पंधरा वर्षांनंतर नोंदणीस अपात्र ठरतात व नोंदणीकृत केंद्रांत मोडीत निघतात. हवेची शुद्धता आणि प्रवाशांची सुरक्षितता पाहता हा नियम योग्य आहे असेच आमचे मत आहे. परंतु त्याच्या शेजारी दुसरा एक नियम ठेवून पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'विंटेज' वाहनांची नोंदणी ठरवून दिली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले वाहन असेल तर त्यास 'व्हीए' ही अक्षरे असलेली निराळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. प्रदर्शने, मिरवणुकी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरते ते रस्त्यावर आणता येते. उत्तम सोय आहे. मात्र ती दुचाकींना आहे आणि चालकाखेरीज आठ आसनांपर्यंतच्या मोटारींना आहे. बसला नाही.

याचा अर्थ असा, की एखाद्या संस्थानिकाची मोटार पन्नास वर्षांची झाली की तो वारसा होतो, आणि ज्या बसमधून एका तालुक्यातील सगळी मुले प्रथमच शाळेस गेली ती पन्नास वर्षांची झाली की ते भंगार होते. कायदा करणाऱ्यांच्या मनात असा भेद करण्याचा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. हौशी लोक मोटारीच बाळगतात, म्हणून नियमही मोटारींसाठी झाला, इतकी ती साधी गोष्ट असेल. परंतु समाजाची स्मृती अशीच, कोणाचा हेतू नसताना, श्रीमंतांच्या बाजूस कलत जाते. मुंबईत जुन्या मोटारींच्या मिरवणुकी निघतात आणि त्या पाहण्यास बसमधून उतरून लोक उभे राहतात. आमच्या विद्यार्थ्याची हौस या दृष्टीने पाहिली म्हणजे तिचा रंग थोडा पालटतो. तो ज्याचे रक्षण करू पाहतो ते सर्वांचे होते, म्हणूनच कोणाचेच नव्हते, आणि म्हणूनच ते प्रथम नाहीसे होते. एस.टी.वर प्रेम करणाऱ्या तरुणांनी काही वर्षांपूर्वी 'वारी लालपरीची' या नावाने एस.टी.च्या इतिहासाचे प्रदर्शन गावोगाव नेले होते. कागदाच्या पुठ्ठ्यांतून हुबेहूब एस.टी. घडविणारे हातही महाराष्ट्रात आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी, त्यांनी बोलून दाखविली नाही तरी, हीच तक्रार असावी असे आम्हांस वाटते.

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास मोह पाडणारी आहे. चिंचेखालच्या त्या बसचे आता उरले आहे काय? विद्यार्थी सांगतो त्यावरून सांगाडा, पुढचा लांब नाकाचा भाग, इंजिनाचा ठोकळा आणि स्प्रिंगचे पाटे एवढे वाचतील. तळाच्या फळ्या, पत्रा, तारा, टायर, बाके, काचांची रबरे सारी नवी घालावी लागतील. मग जी रस्त्यावर येईल ती तीच बस काय? थेसिअसच्या जहाजाची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे: अथेन्सकर कुजलेली फळी काढून नवी घालीत गेले, आणि पंडित भांडत राहिले. हॉब्जने १६५५ मध्ये त्यात आणखी एक खोच मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हॉब्जला आपला प्रश्न मूर्त स्वरूपात भेटला असता. एका मोडलेल्या गाडीचे अवयव तेथून दहा गाड्यांत जाऊन बसतात.

परंतु या प्रश्नाचे आमच्याकडचे उत्तर आम्हांस उल्हासनगरात सापडले, आणि ते पुस्तकी नाही. उल्हासनगर हे मुळात गावच नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणनजीक लष्कराने छावणी घातली. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसे, लाखाच्या घरात, त्या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीस उल्हास नदीवरून नाव दिले. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतात. या गावाची नक्कल मालाबद्दल जी ख्याती आहे ती वाचकांस माहीत असेलच. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणीच जुना झाला होता. आम्हीही त्यास हसलो आहोत. पुढे पुढे मात्र हसू कमी झाले. ज्यांचे अस्सल घर, अस्सल दुकान आणि अस्सल नदी सीमेपलीकडे राहिली, त्यांस अस्सलपणाचे पावित्र्य कोणी शिकवावे? त्यांनी हातात होते त्यातून, चालेल असे, उद्या सकाळी विकता येईल असे, काहीतरी घडविले. आणि त्यातून जे गाव उभे राहिले ते नक्कल नाही. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने त्या बसचा एखादा दुर्मिळ बुश किंवा कांडी उल्हासनगरच्या लेथवर कातून घेतली, तर बस खोटी होणार नाही. ती ज्या देशात चालली त्या देशाच्या रीतीनेच ती पुन्हा चालेल. कारण मूळ मालकांच्या काळातही ती अशाच जुळवाजुळवीवर चालत असणार.

विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळ स्थापिले तेव्हा त्याचा रोख असाच होता: जुन्यास पुन्हा 'जुने' करून दाखविण्याचा अट्टाहास करू नका, रोजच्या रोज थोडी निगा राखा. निगा हा शब्द या सर्व चर्चेत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे झिजली आहेत. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, तज्ज्ञ येतात, मापे घेतात. पण महाशिवरात्रीस तेथे जी रांग लागते ती शिल्पकला पाहण्यास आलेली नसते. त्या रांगेमुळे दगडाची झीज होते हे खरे, आणि त्या रांगेवाचून ते देऊळ राहणार नाही, फक्त दगड राहतील, हेही तितकेच खरे.

मिलिंदपञ्हात नागसेनाने राजा मिलिंदास असेच कोंडीत पकडले आहे. राजा, तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी रथ हे केवळ अवयवांच्या जुळणीस दिलेले नाव आहे असे ठरते. युक्तिवाद बिनतोड आहे. पण आम्ही वर्गात तो शिकविताना एक गोष्ट नेहमी राहून जाई, ती या बसच्या निमित्ताने ध्यानात आली. साऱ्या चर्चेचा आरंभ कशाने झाला? राजा उन्हात पायी आला नाही, रथात बसून आला, याने. आस, चाक, जू ही सारी वेगळी करून ठेवली तरी राजा पोचला होता हे खोडता येत नाही. रथाचे रथपण त्याच्या कोणत्याही अवयवात नसेल. ते कोणास तरी कोठे तरी पोचविण्यात आहे.

आणि येथेच आमच्या विद्यार्थ्याच्या बेतातील खरी उणीव आहे. त्याने इंजिनाचा विचार केला आहे, पत्र्याचा केला आहे, रंग कोणता द्यावा याचाही केला आहे. उतारूंचा केलेला नाही. कायदाही त्यास येथे मदत करीत नाही: परवान्यावाचून तिकीट घेऊन माणसे बसविणे हा गुन्हा आहे, आणि असावा. तरीही उतारूंवाचून बस ही बस होत नाही, ती बसच्या आकाराची मोटार होते.

या बाबतीत इंग्लंडातील एक उदाहरण आम्हांस फार विचार करावयास लावते. विल्टशरमध्ये सॉल्झबरीच्या पठारावर इम्बर नावाचे खेडे होते. १९४३ च्या नोव्हेंबरात तेथील सुमारे दीडशे लोकांस लष्कराने कळविले की सैन्याच्या सरावासाठी गाव हवे आहे. सत्तेचाळीस दिवसांत ते निघून गेले, नाताळाच्या आधी. त्यांस वाटले होते, युद्ध संपले की परत येऊ. ते परत आले नाहीत. गाव आजही लष्कराकडे आहे, घरे पडली आहेत, देऊळ तेवढे उभे आहे. २००९ पासून वर्षातून एक दिवस जुन्या बस बाळगणारे हौशी लोक वॉर्मिन्स्टरच्या रेल्वे स्थानकावरून इम्बरपर्यंत बससेवा चालवितात. लंडनचे ते जुने लाल रूटमास्टर असतात. १९५४ ते १९६८ या काळात बांधलेल्या त्या २,८७६ गाड्यांची नेहमीची सेवा डिसेंबर २००५ मध्ये संपली. इम्बरच्या सेवेस वेळापत्रक असते, मार्गास क्रमांक असतो, तिकीट असते. जमलेला पैसा देवळाच्या दुरुस्तीस व तत्सम सत्कार्यास जातो. जेथे कोणी राहत नाही तेथे बस जाते. प्रथम आम्हांस हा इंग्रजी विक्षिप्तपणाचा कळस वाटला. नंतर वाटले, की ज्या गावास कधी नियमित बस मिळाली नसती त्यास ही माणसे वर्षातून एकदा गावाचा मान देत आहेत. कल्याणला लष्कराने सोडलेल्या छावणीचे निर्वासितांनी गाव केले. तिकडे लष्कराने गावाची छावणी केली, आणि ते गाव होते याची साक्ष द्यावयास वर्षाकाठी काही जुन्या बस जातात.

त्या हौशी लोकांत आणि आमच्या विद्यार्थ्यात फरक असा, की त्यांनी स्वतःस बांधून घेतले आहे. दहा पंचवीसची बस दहा पंचवीसला सुटावी लागते. थांब्यावर कोणीतरी उभे असते. म्हणजे हौसेत त्यांनी गरज परत आणली, आपखुशीने. वडिलांनी ज्या गोष्टीवाचून हा खेळ आहे असे म्हटले, नेमकी तीच गोष्ट. बांधून घेतलेली हौस ही खेळ राहत नाही. पण ती पोटाचा धंदाही नसते. तिला मराठीत चांगला शब्द नाही. व्रत हा थोडा जवळ येतो, पण त्यास फार धुपाचा वास आहे.

वडिलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. तुला जर तेथे आनंद वाटला तर मला जे वाटले ते खोटे काय? आम्हांस वाटते, त्यांनाही तेथे केवळ कष्टच वाटले नसावेत; आणि हेच त्यांस कोणी कधी विचारले नाही. ज्या जुन्या गाड्यांच्या गिअरपेटीत दातांची गती आपोआप जुळविणारी योजना नसे, त्या गाड्यांवर घाटात गिअर खाली आणण्यासाठी 'डबल क्लच' मारावा लागे. क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा. क्लच सोडून पायाने इंजिनास किंचित वेग द्यावयाचा. इंजिनाचा सूर हवा तेवढा चढला की पुन्हा क्लच दाबून, अर्ध्या क्षणात, खालचा गिअर घालावयाचा. सूर चुकला तर दात दातांवर घासून किंचाळतात आणि मागचे पन्नास लोक जागे होतात. सूर जमला तर कोणास काही कळतही नाही. माळशेजच्या वळणावर, धुक्यात, समोरून मालमोटार येत असता, हे ज्याने तीस वर्षे केले आणि ज्याचे उतारू झोपेतच नगरास पोचले, त्याच्या हाती एक विद्या होती. ती कोणत्याही पुस्तकात नाही. ती गाडीतही नाही. ती त्याच्या डाव्या पायात आणि उरलेल्या एका कानात आहे, आणि नव्या गाड्यांवर तिचे काही काम नाही. बस मोडीत निघाली तर लोखंड तरी परत वितळते. ही विद्या परत वितळत नाही.

गणपतीनंतर विद्यार्थी पुन्हा आला. पावसाने बसच्या मागच्या फळ्या आणखी कुजल्या होत्या आणि छतातून चिंचेचा पाला आत पडत होता. मालकाने भाव मात्र वाढविला होता. आम्ही त्यास जे सुचले ते सांगितले: घ्यावयाची असेल तर घे, पण घेण्याआधी दोन गोष्टी ठरव. एक, वर्षातून एक तरी दिवस ती कोणासाठी चालेल. तिकिटावाचून का होईना, एखाद्या शाळेची मुले, त्या जुन्या कारखान्याचे हयात असलेले कामगार, कोणीही, पण त्यांस वेळ दिलेली असली पाहिजे आणि ती पाळली गेली पाहिजे. आणि दोन, वडिलांस तिच्याविषयी मत विचारू नकोस. त्यांस ती दाखव, आणि चालवायची कशी ते विचार. तो म्हणाला, 'सर, ते यायचे नाहीत.' आम्ही म्हटले, नसतील येणार.

परवा स्थानकाच्या पुलावर तो ओझरता भेटला. मागून लोकल येत असल्याने बोलणे झाले ते एवढेच. आदल्या रात्री जेवताना, टी.व्ही.वरच्या बातम्या चालू असता, वडिलांनी ताटावरून मान वर न करता विचारले होते, 'गिअरबॉक्स कुठला आहे तिला?' मुलास ते ठाऊक नव्हते. येत्या रविवारी तो अंबरनाथला जाऊन पाहून येणार आहे.